हलकं एकआसनी ग्लायडर: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबडच्या एका शेडमध्ये ग्लायडर बांधायचं काम चालू आहे हे कळल्यावर लोक येऊन बघतात आणि विचारतात. त्यात इंजिनिअरिंगची मुलं असतात, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले काका असतात, पॅराग्लायडिंग करणारे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेब समजावेत म्हणून आमच्या डिझाइनचे आकडे आधीच देतो. पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार १३ मीटर, क्षेत्रफळ १३ चौरस मीटर. रिकामं वजन ७० किलो, त्यातले ३६ किलो दोन्ही पंखांचे. वैमानिक ७५ किलोचा आणि पॅराशूटसकट बाकी सामान १० किलो धरलं, की एकूण १५५ किलो होतात.

हे पॅराग्लायडर आहे की हँगग्लायडर?

दोन्ही नाही. पॅराग्लायडरचा पंख कापडी असतो आणि हवेच्या दाबाने आकार धरतो. हँगग्लायडरमध्ये वैमानिक पट्ट्यात लटकलेला असतो आणि स्वतःचं शरीर सरकवून वळतो. आमच्या ग्लायडरला कडक पंख आहेत, शेपूट आहे, बसायला जागा आहे. हातात स्टिक आणि पायाखाली पेडल, म्हणजे विमानासारखं पूर्ण नियंत्रण.

फरक तरंगण्याच्या गुणोत्तरात कळतो. एक मीटर उंची खर्च करून किती मीटर पुढे जाता, हे ते गुणोत्तर. पॅराग्लायडरचं साधारण १०, हँगग्लायडरचं १५ च्या आसपास. आम्ही २२ डोळ्यांपुढे ठेवलंय. स्पर्धेतली १५ मीटर पंखांची काचतंतूची किंवा कार्बनची ग्लायडर ४० च्या वर जातात, पण त्यांचं रिकामं वजनच अडीचशे किलोच्या घरात असतं.

इंजिन नाही, मग वर जातं कसं?

ग्लायडर हवेच्या तुलनेत सतत खालीच येत असतं. आमचं डिझाइन शांत हवेत सेकंदाला साधारण पाऊण मीटर खाली येईल. भोवतालची हवा त्याहून जास्त वेगाने वर चढत असेल तर ग्लायडरही तिच्याबरोबर वर जातं.

आपल्याकडे अशी हवा दोन प्रकारे मिळते. मार्च ते मे या काळात कांदा किंवा गहू काढून मोकळी झालेली काळी जमीन आणि उघडे कातळ तापतात, त्यावरची हवा गरम होऊन स्तंभासारखी वर चढते. तेच थर्मल. दुसरा प्रकार डोंगराचा. वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळला की त्याला वर चढण्याशिवाय वाट नसते. घार पंख न हलवता गोल गोल वर जाताना दिसली की तिथे थर्मल आहे असं खुशाल समजा, कुठल्याही यंत्राआधी तिला कळलेलं असतं.

इतकं हलकं कशासाठी करायचं?

वजन कमी म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे वळण लहान. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला १५ मीटर वेगाने, ३० अंश कलून वळलात तर त्रिज्या ४० मीटर येते. जड ग्लायडर सेकंदाला २५ मीटरने, ४० अंश कलूनसुद्धा ७६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ मारतं. जमिनीजवळ थर्मल अरुंद असतं. हलकं ग्लायडर त्याच्या गाभ्यात राहून चढतं, तेव्हा जड ग्लायडर बाहेरच्या खाली येणाऱ्या हवेत फिरत असतं.

दुसरं कारण उतरण्याचं. जमिनीला टेकताना वेग जितका कमी तितकी सगळी ऊर्जा कमी, आणि तीही वर्गाच्या प्रमाणात. लहानशा शेतात ताशी पन्नासच्या आत उतरता येणं हे माझ्या मते या वर्गाचं सगळ्यात मोठं मोल आहे.

याची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. ताशी ५४ किलोमीटरने उडताना समोरून २७ चा वारा आला तर जमिनीवरचा वेग निम्मा होतो आणि २२ चं गुणोत्तर ११ वर येतं. त्यामुळे हलक्या ग्लायडरच्या वैमानिकाने वाऱ्याच्या दिशेला फार लांब जाऊन परतीची आशा धरू नये.

पंख एवढा लांब आणि अरुंद का?

पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वर वळते, तिथे भोवरे तयार होतात आणि त्यात ऊर्जा वाया जाते. मंद वेगात हा तोटा सगळ्यात मोठा असतो. विस्तार वाढवला की तो झपाट्याने कमी होतो, म्हणून ग्लायडरचे पंख लांब.

मग २० मीटर का नाही? लांबी वाढली की मुळाशी, म्हणजे पंख धडाला जोडतो तिथे, येणारा वाकवणारा भार वाढतो, स्पार, म्हणजे पंखातली मुख्य तुळई, जाड करावा लागतो, वजन वाढतं आणि ज्यासाठी लांबी वाढवली तेच हातचं जातं. १० ते १४ मीटरच्या पट्ट्यात बरीच हलकी डिझाइन्स येऊन थांबतात, त्याचं कारण हेच.

पंखावर नेमका किती भार येतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी खुर्ची देतो, कारण सगळं डिझाइन इथून सुरू होतं.

सरळ उड्डाणात पंख एकूण १५५ किलो उचलतात. पण झोताच्या हवेत किंवा जोरात वर ओढल्यावर तो भार कितीतरी पट होतो. आम्ही कमाल चारपट धरलाय. युरोपच्या नियमांत नेहमीच्या ग्लायडरसाठी हा आकडा ५.३ आहे. आमची वेगमर्यादा बरीच खाली आहे आणि कसरती वर्ज्य आहेत, म्हणून चार घेतला. त्याच्यावर दीडपट सुरक्षितता मात्र सोडलेली नाही.

आता हिशेब. पंखांचं स्वतःचं वजन पंखभर पसरलेलं असतं, त्यामुळे ते मुळाला वाकवत नाही, उलट आधार देतं. १५५ मधून ३६ वजा केले, ११९ राहिले. चारपट ४७६, एका पंखाला २३८ किलो. उचल पंखावर लंबवर्तुळी वाटली गेली असं धरलं तर तिचा मध्य मुळापासून २.७६ मीटरवर येतो. मुळाला वाकवणारा जोर म्हणजे या दोघांचा गुणाकार, ६५७ किलोग्रॅम-मीटर, दीडपट केला की ९८५.

पंखाची मुळाशी रुंदी १.२ मीटर, जाडी तिच्या १५ टक्के म्हणजे १८ सेंटिमीटर. स्पारच्या वरच्या आणि खालच्या पट्टीतलं कामाचं अंतर जेमतेम १६ सेंटिमीटर. ९८५ ला ०.१६ ने भागा. उत्तर सहा हजार किलोच्या वर जातं. सत्तर किलोच्या ग्लायडरमध्ये, मनगटाएवढ्या जागेत, वरच्या पट्टीवर सहा टनांचा दाब आणि खालच्या पट्टीवर सहा टनांचा ताण!

हे कागदावर स्वतः मांडून पाहिलं की दोन गोष्टी मनात पक्क्या बसतात. एक म्हणजे पंख जाड असणं किती उपयोगाचं आहे: जाडी दुप्पट केली तर हा भार निम्मा होतो. दुसरी म्हणजे वरची पट्टी सहसा तुटत नाही, ती दबून बाजूला मुरडते. म्हणून दोन पट्ट्यांमधली उभी भिंत आणि पट्ट्यांचा चिकटाव यांवर पट्ट्यांइतकंच लक्ष द्यावं लागतं.

पंख पिळवटत नाही का?

पिळवटतो, आणि तो पीळ घ्यायला स्पार एकटा पुरत नाही. स्पारपासून पुढच्या कडेपर्यंतचा भाग पातळ प्लायवूडने किंवा कार्बनने बंद करून नळी केली, की ती पीळ घेते. जर्मनीत हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी १९२१ साली 'व्हॅम्पायर' ग्लायडरमध्ये ही रचना वापरली. शंभर वर्षं झाली तरी त्याहून चांगला उपाय हलक्या पंखाला मिळालेला नाही. नळीच्या मागे नुसत्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, आणि त्यावर ताणलेलं कापड पुरतं.

वजन नेमकं कुठून कमी करता?

वस्तू पातळ करून फार थोडं कमी होतं. वस्तूच काढून टाकली तर खरं कमी होतं. मंद वेगात उचल वाढवणारे वेगळे फ्लॅप आम्ही ठेवले नाहीत, पंखाची हलणारी मागची कड कलण्याचं आणि फ्लॅपचं अशी दोन्ही कामं करते. चाकाला स्प्रिंग नाही, मऊ टायर आहे. पंख दोन पिनांवर बसतात. प्रत्येक वेळी एक भाग गेला की त्याचा ब्रॅकेट, बोल्ट, दोरी, तपासणीचं झाकण हेही जातं.

शेपटीकडे तर दर ग्रॅमला भांडावं. आमच्या मांडणीत शेपटीत वाढलेल्या एका किलोला तोलायला नाकात तीन किलो शिसं लागतं, म्हणजे चूक एक किलोची आणि भुर्दंड चार किलोंचा.

आणि तीन ठिकाणी वजन वाचवायचं नाही: पंखाचे सांधे, नियंत्रणाच्या दांड्या आणि वैमानिकाच्या पुढचा नाकाचा भाग. पहिल्या दोन ठिकाणी काही तुटलं तर हवेत दुसरा पर्याय उरत नाही. नाक हे आपटल्यावर आधी चुरगळून पाय वाचवण्यासाठी असतं.

लाकूड, ॲल्युमिनियम की कार्बन? नाशकात मिळतं का?

सहा टनांच्या त्या पट्टीचा हिशेब लावून बघा. चांगलं स्प्रूस (सूचिपर्णी झाडाचं हलकं लाकूड) चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन, म्हणजे साधारण साडेतीन किलो, दाब घेतं असं धरलं तर सुमारे १७ चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते. कार्बनला सावधपणे ४०० धरले तरी दीड चौरस सेंटिमीटर पुरतो. मुळाजवळची लाकडी पट्टी म्हणजे चांगला जाडजूड वासा, कार्बनची तुमच्या अंगठ्याएवढी. आम्ही स्पारला कार्बनच्या तयार कांड्या, पुढच्या नळीला बर्च प्लायवूड, रिबना फोम आणि लाकडी पट्ट्या, वर तापवून आवळणारं पॉलिएस्टर कापड असा मेळ घातलाय.

साग वापरा असं सुचवणारे बरेच भेटतात. साग टिकाऊ आहे, पण स्प्रूसपेक्षा दीडपट जड, शिवाय त्याच्या तेलकटपणामुळे चिकटवणं कठीण.

सातपूर-अंबडमध्ये लेथ, मिलिंग, लेझर कटिंग, वेल्डिंगला उत्तम हात आहेत, त्यामुळे धातूचे सांधे इथेच होतात. मात्र धातू कोणत्या ग्रेडचा आहे याचं प्रमाणपत्र मागून घ्या. भंगारातून आलेल्या चकाकत्या पट्टीवर जीव टांगू नये. विमानाच्या दर्जाचं प्लायवूड आणि कार्बन बाहेरून मागवावे लागतात.

नाशिकच्या उन्हाचा डिझाइनवर परिणाम होतो?

होतो, आणि दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली हवेची. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमानात इथली हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ असते. आमच्या ग्लायडरचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख उचल सोडतो तो वेग, समुद्रसपाटीवर ताशी ४०-४१ किलोमीटर येतो. तोच इथे दुपारी ४४ होतो. वेगमापक दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवेल, पण जमीन जास्त वेगाने सरकेल आणि उतरायला जागा जास्त लागेल.

दुसरी वाट इपॉक्सीची, म्हणजे सगळं चिकटवणाऱ्या राळेची. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांपुढे मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या गडद रंगाच्या पृष्ठभागाचं तापमान सहज त्यावर जातं. काचतंतूची आणि कार्बनची ग्लायडर जगभर पांढरी दिसतात त्याचं कारण हे आहे. पांढऱ्या ग्लायडरची रचना ५४ अंशांना तपासायची युरोपात रीत आहे. आम्ही स्पार चिकटवल्यावर तो बंद पेटीत हळूहळू तापवून मुरवतो, त्याने इपॉक्सीची उष्णता सोसायची ताकद वाढते. पंखावर निळी-भगवी नक्षी काढा असा आग्रह होतो, त्याला नम्र नकार.

वैमानिकाचं वजन बदललं तर तोल जात नाही?

मोठ्या विमानात एक माणूस म्हणजे किरकोळ भार. इथे ७५ किलोचा वैमानिक एकूण वजनाच्या जवळजवळ निम्मा आहे, त्यामुळे तोलाचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो. गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश या पट्ट्यात राहायला हवा. तो जास्त मागे गेला तर नाक वर उचलून स्टॉल होतो आणि त्यातून बाहेर यायला शेपूट कमी पडते. वैमानिकाला जितकं या बिंदूजवळ बसवाल तितका वजनातला फरक कमी जाणवतो. आमची बैठक मागे रेललेली, पंखाच्या पुढच्या कडेला लागून आहे. ६० किलोच्या वैमानिकाला नाकात शिसं ठेवावं लागतं, आणि किती ते कॉकपिटमध्ये डोळ्यांसमोर लिहिलेलं असतं.

वळवायला जड जातं का?

लांब पंख आणि मंद वेग एकत्र आले की एक वैशिष्ट्य हमखास दिसतं. डावीकडे कलायला उजव्या पंखाची मागची कड खाली करता, तिथे उचल वाढते पण रोध, म्हणजे हवेचा अडथळाही वाढतो, आणि नाक उजवीकडे पळतं. म्हणून रडर, म्हणजे शेपटीवरचं पेडलने हलणारं उभं सुकाणू, मोठं हवं आणि पाय सजग हवेत. पॅराग्लायडिंगमधून आलेल्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं.

फ्लटर म्हणजे काय?

ठरावीक वेगाच्या पुढे पंख किंवा नियंत्रणाचा पृष्ठभाग आपोआप थरथरू लागतो आणि ती थरथर हवेतून ऊर्जा घेऊन वाढतच जाते. काही सेकंदांत रचना तुटू शकते. उपाय तीन: पीळ घेणारी नळी कडक ठेवायची, हलणाऱ्या पृष्ठभागांच्या बिजागरीपुढे वजन लावून त्यांचा तोल साधायचा, आणि दांड्यांच्या जोडात ढिलाई राहू द्यायची नाही. स्टिक धरून मागची कड बोटाने हलवून पाहिली तर ती हलता कामा नये. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करून बघायला सांगतो. चौथा उपाय वैमानिकाकडे असतो, तो म्हणजे वेगमर्यादा पाळणं.

उडण्याआधी ताकद कशी तपासता?

पंख उलटा बांधायचा आणि त्यावर वाळूची पोती रचायची. वरचा हिशेब आठवा. चारपट भाराला एका पंखावर २३८ किलो लागतात. उलट्या पंखाचं स्वतःचं वजन १८ किलो त्याच दिशेने खेचत असतं, ते वजा केलं की २२० किलो वाळू. पाच-पाच किलोच्या पिशव्या केल्या तर ४४ होतात. मुळाशी दाट, टोकाकडे विरळ अशा ठेवायच्या, आतून बाहेर थर चढवत.

टोकाशी पट्टी उभी करून दर थराला पंख किती वाकला ते लिहायचं. वाकणं भाराच्या प्रमाणात वाढत असेल तर ठीक. एखाद्या थराला अचानक जास्त वाकला तर तिथेच थांबायचं. कानही उघडे ठेवायचे. चिकटलेले थर सुटताना बारीक कडकड येते आणि ती डोळ्यांना दिसण्याआधी ऐकू येते. पिशव्या उतरवल्यावर पंख होता तिथे परत यायला हवा. दीडपट भाराची, म्हणजे ३३९ किलो वाळूची चाचणी तीन सेकंद टिकावी लागते. ती आम्ही वेगळ्या बांधलेल्या नमुना स्पारवर करतो आणि मग तो मोडेपर्यंत भार चढवतो. कुठे मोडला आणि कसा मोडला, हे पाहणं हजार गणितांच्या तोडीचं असतं.

स्वतः डिझाइन करण्यापेक्षा तयार आराखडा घेतला तर?

नवख्याने तसंच करावं, हा माझा ठाम सल्ला. अमेरिकेतल्या जिम मॉपिन यांचं 'कार्बन ड्रॅगन' १९८८ मधलं, १३.४ मीटर विस्तार आणि ६६ किलो रिकामं वजन. आमचे आकडे त्याच्या जवळ आहेत हा योगायोग नाही. जर्मनीचं लाकडी 'उल्फ-१' १९७७ पासून उडतंय. स्वित्झर्लंडचं 'आर्किऑप्टेरिक्स' ५४ किलोचं आहे, पण ते कारखान्यात बनतं. कमी खर्चात शिकायचं तर कॅलिफोर्नियाच्या माइक सँडलिन यांचं 'गोट' बघा. ॲल्युमिनियमच्या नळ्या, कापड आणि पंखाला खालून तिरपा टेकू. टेकूमुळे मुळाचा भार एकदम कमी होतो, रोध मात्र वाढतो. त्यांनी रेखाचित्रं सगळ्यांसाठी मोफत खुली ठेवली आहेत, हा मोठा मनाचा भाग.

गणितासाठी एक्सफॉइल हा पंखाच्या छेदाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी तो १९८६ मध्ये लिहिला.

भारतात कोणी ग्लायडर बनवली आहेत का?

हो, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. पन्नासच्या दशकापासून पुढे नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने लाकडी ग्लायडर तयार केली. अश्विनी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर्ष अशी नावं त्यांना दिली, बरीचशी नक्षत्रांवरून. त्यांतली रोहिणी आणि कार्तिक एस. रामअमृतम यांच्या डिझाइनची. रोहिणीत दोघं शेजारी-शेजारी बसायचे, कार्तिक एकआसनी.

उडवायला परवानगी लागते का? अंजनेरीच्या डोंगरावरून उडवाल ना?

परवानगी लागते. इंजिन नसलं तरी कायद्याच्या दृष्टीने ग्लायडर हे विमानच. १९३४ च्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला टाळून काही करता येत नाही. त्यात नाशिकचं आकाश मोकळं नाही. ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना आणि धावपट्टी, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण, देवळालीला तोफखान्याचा सराव. एखाद्या टेकडीवरून 'बघू तर' म्हणून उडी मारणं इथे बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावरचं आहे.

अंजनेरीचं म्हणाल तर तिथल्या कड्यांत गिधाडांची घरटी आहेत. परवानगी मिळाली तरी मी तिथून उडणार नाही.

आधी काय शिकावं?

पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर गुंडाळून, वर ओढून, प्रशिक्षकाबरोबर दोन आसनी ग्लायडरमध्ये शिकवत आले आहेत; सध्या चालू आहे का ते आधी विचारून घ्या. स्वतः बांधलेल्या ग्लायडरमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्याचे हात-पाय आधीच तयार असले पाहिजेत.

शेतात उतरावं लागलं तर?

कांदा किंवा गहू काढलेलं मोकळं रान शोधायचं, उताराकडून चढाकडे आणि वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं. द्राक्षबाग वरून गादीसारखी हिरवी आणि सपाट दिसते, पण त्या पानांखाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात, तिथे कदापि नाही. विजेच्या तारा दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. शेततळ्याचं प्लास्टिक चमकतं, ते लांबून कळतं. आणि उतरल्यावर आधी शेतमालकाला भेटायचं.

पावसाळ्यात काम थांबतं का?

चिकटवण्याचं थांबतं. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो आणि त्यावरचा पुढचा थर नीट धरत नाही. लाकूडही ओलावा पिऊन फुगतं, तेव्हा कापलेली रिब दिवाळीनंतर ढिली पडते. जुलै ते सप्टेंबर आम्ही धातूचे सांधे, दांड्या आणि गणित घेऊन बसतो. बघायला यायचं असेल तर नोव्हेंबरनंतर या, तेव्हा पंख मांडलेले असतात.